काळ आला होता, पण वेळ आली नव्हती



काही आठवड्यांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर एक कुटुंब आवारात थांबले होते. गाडी आणली होती, तिच्यावर आशीर्वाद हवा होता. गाडी तशी जुनीच, दुसऱ्याने पाच वर्षे वापरलेली. पण घरात आलेली पहिलीच. बॉनेटवर झेंडूचा ताजा हार होता आणि थोरल्या मुलाच्या खिशात पंधरा दिवसांपूर्वी मिळालेले लायसन्स. आम्ही प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले. मुलाची आई म्हणाली, "फादर, याला दोन शब्द सांगा. आमचं काही ऐकत नाही."

दोन शब्द सांगायचे सोडून आम्ही आमच्या पहिल्या गाडीच्या गोष्टी सांगत बसलो. सगळे पोट धरून हसले. मुलगा सर्वांत जास्त हसला. मग तो गाडीत बसला आणि फाटकातून जरा जोरातच बाहेर वळला. त्या क्षणी आमच्या मनात काहीतरी टोचले. ते अजून टोचते आहे, म्हणून हा लेख.

आमच्या घरची पहिली गाडी म्हणजे फियाट. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. पण मूळ इटलीच्या फियाटवरून घडवलेली म्हणून सगळे तिला फियाटच म्हणत. आमच्या वडिलांनी ती १९९८ साली एका ओळखीच्या गृहस्थांकडून घेतली, तेव्हाच ती सोळा वर्षांची होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. पुढची सीट बाकासारखी सलग, तीवर तिघे आरामात बसत. थंडीत चोक ओढल्याशिवाय ती जागी होत नसे, आणि चोक ओढूनही नाही झाली तर शेजारची मुले धक्का मारायला येत. वडील दर रविवारी मिस्सानंतर तिला अंगणात धूत. आम्हाला बादल्या भरून देण्याचे काम असे.

सप्टेंबरात एकदा बांद्र्याला मोत मावलीच्या जत्रेला सहकुटुंब निघालो. परतताना कसारा घाट चढताना रेडिएटर तापला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. आईने जपमाळ काढली, वडिलांनी ओला टॉवेल. पाऊण तास रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्ही घरून आणलेल्या भाकरी खाल्ल्या. त्यानंतर आमच्या घरात पाण्याचा कॅन गाडीत ठेवल्याशिवाय कोणी नाशिकची हद्द ओलांडली नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्याची बातमी वाचली तेव्हा तो घाट, ती वाफ आणि त्या भाकरी सगळे एकदम आठवले.

या गोष्टी सांगायला आजही आनंद वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. पण त्या दिवशी आवारात आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. सर्वांत जास्त हशा तिलाच मिळाला.

१९९९ चा नाताळ जवळ आला होता. आम्ही वीस वर्षांचे होतो. घरोघरी नाताळगीते गाण्याची फेरी संपली, आणि रात्री उशिरा आम्ही गायक मंडळातले पाच जण फियाट घेऊन इगतपुरीला चहा प्यायला गेलो. वडिलांना सांगितले होते की गिटार पोहोचवून येतो. दारूचा थेंब कोणी घेतला नव्हता; नशा होती ती थंडीची, मित्रांची आणि रिकाम्या रस्त्याची. परत येताना मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणाले, "बघू या तरी, म्हातारी किती पळते!" गाडी आम्हीच चालवत होतो. विल्होळी गेले, पाथर्डी फाटा गेला, मुंबई नाका गेला. काटा ऐंशीवर थरथरत होता.

तेव्हा द्वारका चौकावर उड्डाणपूल नव्हता. तो २०१३ साली झाला. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता तिथे जमिनीवरच भेटत. आम्हाला पुणे रस्त्याला उजवीकडे वळायचे होते. पहाटेचे तीन वाजले होते, चौकात कोण असणार? चौकात एक म्हातारा हातगाडी ढकलत होता. हातगाडीवर भाजीचे क्रेट होते, अंगावर घोंगडी होती. आम्ही ब्रेकवर उभे राहिलो. जुने ड्रम ब्रेक. गाडी थांबण्याऐवजी घसरली, अर्धी फिरली, आणि हातगाडीपासून एका हाताच्या अंतरावर थांबली. दोन क्रेट रस्त्यावर पडले. टोमॅटो चौकभर गडगडत गेले.

म्हातारा ओरडला नाही. हातगाडीचा दांडा धरून तो थरथरत उभा राहिला. मग म्हणाला, "हळू चालवा रे बाबांनो. घरी माय वाट बघत असंल." आम्ही दोन-चार टोमॅटो उचलल्यासारखे केले आणि निघालो. पुढच्या वळणापर्यंत कोणी बोलले नाही. मग एकाने त्या म्हाताऱ्याच्या आवाजाची नक्कल केली आणि सगळे हसत सुटलो. घरी एका मावशींना दुसऱ्या दिवशी कळले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." झाले, प्रकरण मिटले. पुढची पंचवीस वर्षे ती आमची हमखास हसवणारी गोष्ट झाली.

आता दुसरी गोष्ट. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. ते आपल्या धर्मग्रामातले नाहीत. ही हकीकत त्यांनी पापनिवेदनात नव्हे, तर गप्पा मारताना सांगितली आहे, आणि ती लिहायची परवानगी त्यांच्याकडून घेतली आहे. त्याच सुमारास, एकोणीस वर्षांचे असताना, ते भावाची जीप घेऊन असेच रिकाम्या रस्त्याने भरधाव निघाले होते. तेही प्यायलेले नव्हते. वळणावर सायकलवरून घरी परतणारा एक मजूर समोर आला. त्यांनीही ब्रेक दाबला. त्यांना ते एका हाताचे अंतर मिळाले नाही.

खटला काही वर्षे चालला. शिक्षा झाली, ती भोगून झाली. मग एकदा ते त्या मजुराच्या घरी गेले. मजुराच्या पत्नीने त्यांना ओळखले, आत बसवले, तांब्याभर पाणी दिले आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. ते पाणी पिऊन उठले. ती क्षमा होती की फक्त घरी आलेल्याला पाणी देण्याची रीत होती, हे त्यांना आजवर कळलेले नाही. त्यांनी पुन्हा कधी गाडी चालवली नाही.

बंधुभगिनींनो, आमचा प्रश्न सरळ आहे. त्या दोन रात्री त्यांनी जे केले आणि आम्ही जे केले, त्यांत फरक काय? वेग तोच, वय तेच, बेफिकिरी तीच. मग ते आयुष्यभर मान खाली घालून चालतात आणि आम्ही तीच गोष्ट सांगून लोकांना हसवतो, हे न्यायाचे आहे का?

पुण्यात तत्त्वज्ञान शिकत असताना हा प्रश्न आम्ही वर्गात वाचला होता, पण स्वतःला कधी विचारला नव्हता. जर्मन तत्त्ववेत्ता कांट म्हणतो की कृतीची नैतिक किंमत करणाऱ्याच्या संकल्पात असते; पुढे काय घडले यावर ती अवलंबून नसते. असे असेल तर आम्ही दोघे समान दोषी. याउलट १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी निबंध लिहून दाखवले की आपण प्रत्यक्षात तसे वागत नाही. दोघांनीही ट्रकचालकाचे उदाहरण घेतले. ब्रेक तपासून न घेणारा चालक आणि त्याच्या ट्रकसमोर अचानक आलेले मूल: मूल आले तर तो आयुष्यभराचा अपराधी, नाही आले तर त्याच्या निष्काळजीपणाची कोणी दखलही घेत नाही. मूल यावे की न यावे हे तर त्याच्या हातात नसते. माणसाच्या नीतीतही दैव असे शिरते, हे त्यांचे म्हणणे.

कायदाही दैवाला जागा देतो. जुन्या भारतीय दंड संहितेत बेदरकारपणे वाहन चालवण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होती, आणि तशा निष्काळजीपणाने माणूस मेला तर दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पहिली शिक्षा सहा महिन्यांपर्यंतच राहिली, दुसरी पाच वर्षांपर्यंत वाढली. यात अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. जिथे माणूस गेला आहे तिथे त्याच्या घरच्यांना उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर समाजाच्या वतीने न्यायालय देते. पण न्यायालयाला जे पुराव्यानिशी दिसते तेवढ्यावरच निकाल होतो. आमच्या रात्रीचा पुरावा म्हणजे फुटलेले टोमॅटो, आणि ते सकाळपर्यंत गाईंनी खाल्ले असतील.

देवापुढे मात्र कसे? इथे संत थॉमस अक्विनासने केलेला एक भेद आमच्या उपयोगी पडला. आपल्या 'सुम्मा'मध्ये तो विचारतो की कृतीच्या परिणामांमुळे तिचे पाप वाढते का. तो म्हणतो, परिणाम आधी दिसत असेल तर वाढते. दिसत नसेल, तर पाहावे की तो परिणाम त्या कृतीच्या स्वभावातून सहसा निघणारा आहे की क्वचित, योगायोगाने घडलेला. स्वभावातूनच निघणारा असेल तर तो कृतीच्या खात्यात जमा होतो. योगायोगाचा असेल तर होत नाही.

आता ताशी ऐंशी किलोमीटर वेगाचा स्वभाव काय ते पाहा. त्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे बावीस मीटर जाते. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढे अंतर संपते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, म्हणजे रोज ४६० हून अधिक. आणि त्यांतल्या दर दहांपैकी सातांच्या मृत्यूमागे अतिवेग होता. तेव्हा चौकातून भरधाव जाणाऱ्याने माणूस मेल्यावर 'योगायोग' म्हणू नये. त्या रात्री योगायोगाने घडले ते म्हाताऱ्याचे वाचणे. कॅथोलिक श्रद्धाग्रंथाच्या २२९० व्या परिच्छेदातही हीच शिकवण आहे. दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हव्यासापोटी स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणे हेच तिथे गंभीर दोषाचे ठरवले आहे. कोणी मेले की नाही ही अट तिथे नाही.

म्हणजे द्वारका चौकातल्या त्या पहाटे आमच्याकडून पाप घडले होते, आणि ते टोमॅटो पडण्याच्या आधीच घडले होते. हे लिहायला आम्हाला पंचवीस वर्षे लागली.

१९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप होता. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली, तेव्हा सगळा महाराष्ट्र संतापला. आम्हीही संतापलो. दोन जिवांची किंमत ३०० शब्द? तो संताप रास्तच होता. पण नंतर एकदा मनात आले: आमच्याकडून तर कोणी तेवढाही निबंध मागितला नव्हता.

मावशींच्या म्हणीकडे पुन्हा वळू. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.' संकटातून सुटल्यावर आपण सगळेच हे म्हणतो, आणि त्यात देवाचे आभारही असतात. पण या म्हणीची दुसरी बाजू पाहा. १२ जानेवारी २०२५ च्या रविवारी संध्याकाळी आपल्या द्वारका उड्डाणपुलावर लोखंडी सळ्यांनी भरलेल्या ट्रकवर एक पिकअप टेम्पो मागून आदळला. सिडको भागातली कोवळी मुले त्यात गेली. आपल्यापैकी कित्येक जण मिस्साला येता-जाता त्याच पुलाखालून किंवा पुलावरून जातात. त्या मुलांच्या आईला जाऊन कोणी म्हणेल का, "त्यांची वेळ आली होती"? तोंडातून शब्द फुटणार नाही. जे शब्द मेलेल्याच्या घरी उच्चारता येत नाहीत, त्यांच्या आधारावर वाचलेल्याने निश्चिंत व्हावे का?

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूपुढे असाच एक प्रसंग येतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असे तुम्हांला वाटते का, असे तो लोकांना विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. मग तो बोट वळवतो ते वाचलेल्यांकडे. पश्चात्ताप त्यांनी करायचा आहे. वाचणे हा निर्दोषपणाचा दाखला नाही. ती मिळालेली मुदत आहे. त्याच अध्यायात लगेच पुढे अंजिराच्या झाडाचा दाखला येतो, आणि माळी त्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो. आम्हाला पंचवीस मिळाली.

मग आम्ही आणि ते गृहस्थ अगदी सारखे का? नाही. असे म्हणणे त्या मजुराच्या कुटुंबाचा अपमान ठरेल. त्यांच्या हातून एक माणूस गेला आहे, आणि ते दुःख, ते नाते आमच्या वाट्याला आलेले नाही. विल्यम्सनेही लिहिले आहे की ज्याच्या हातून असे घडते त्याचे दुःख बघणाऱ्याच्या दुःखापेक्षा वेगळ्या जातीचे असते, अगदी त्याची चूक नसली तरीही. दोष आम्हा दोघांचा सारखा असेल. ओझे सारखे नाही. आणि दोष सारखा असताना ओझे एकट्याच्याच खांद्यावर पडले असेल, तर दुसऱ्याने काय करावे? संत पौल गलतीकरांना एकमेकांची ओझी वाहायला सांगतो. किमान त्या माणसाकडे वरून पाहणे तरी आपण सोडू शकतो. तो आपल्या शेजारी बाकावर बसला तर सरकून न बसणे, एवढे तरी जमेल.

२००७ च्या जूनमध्ये व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्या वेळी वर्तमानपत्रांत त्यांची थोडी थट्टाही झाली. त्यांतली पाचवी सांगते की गाडी सत्ता गाजवण्याचे साधन आणि पापाचे निमित्त होऊ नये. आठवी मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिली: अपघाताला कारण झालेला चालक आणि बळी पडलेले यांची योग्य वेळी भेट घडवून आणावी, म्हणजे क्षमेचा मोकळे करणारा अनुभव त्यांना घेता येईल. योग्य वेळी, हे शब्द महत्त्वाचे. त्या माउलीवर क्षमेची सक्ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही, धर्मगुरूलाही नाही. तांब्याभर पाणी हेच तिच्याने शक्य होते, आणि तेही थोडे नव्हते.

पालकांना एक विनंती. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी देऊ नका. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार त्यासाठी पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पण त्याहून अवघड विनंती वेगळी आहे. आपण मोठी माणसे जेवणाच्या ताटावर आपल्या तरुणपणीच्या गाडीच्या गोष्टी सांगतो. मुले त्यांतून एकच धडा घेतात: बाबांनी केले, काही झाले नाही. गोष्टी जरूर सांगाव्यात, पण पूर्ण सांगाव्यात. हातगाडीचा दांडा धरून थरथरणारा माणूस गोष्टीतून वगळू नये.

परवा आम्ही त्या मुलाला ऑफिसात बोलावले आणि द्वारका चौकाची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी नक्कल न करता. तो हसला नाही. थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "फादर, तुम्ही नंतर त्या आजोबांना शोधलंत का? टोमॅटोचे पैसे दिलेत?"

शोधले नव्हते. द्वारकेवरून त्यानंतर हजारदा गेलो असू, पण एकदाही थांबून कोणाला विचारले नाही. त्या दोन क्रेटमध्ये त्यांची दिवसभराची कमाई असेल, हेसुद्धा त्या मुलाने विचारल्यावर प्रथम सुचले. ते गृहस्थ आता हयात असतील असे वाटत नाही. त्यांचे नाव आम्हाला ठाऊक नाही. देवाला ठाऊक आहे, म्हणून येत्या शुक्रवारची मिस्सा आम्ही त्यांच्यासाठी अर्पण करणार आहोत. दोन क्रेटची आजची किंमत गरिबांसाठीच्या पेटीत टाकली आहे. याने हिशेब पुरा होत नाही, हे आम्ही जाणतो.

आपल्यापैकी कोणाच्या मनावर रस्त्यावरचे असे काही ओझे असेल, घडलेले किंवा थोडक्यात टळलेले, तर त्यांनी अवश्य यावे. आणि ज्यांच्या घरचे माणूस रस्त्याने नेले आहे, त्यांनी यायची गरज नाही; आम्हाला निरोप पाठवावा, आम्ही त्यांच्याकडे येऊ.

प्रभू आपणा सर्वांना सुखरूप घरी पोहोचवो, आणि आपल्यामुळे इतरांनाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू